पाचव्या घोड्याचं खोगीर

१

आमच्या घरात कामाची वाटणी सरळ होती. हे रंगवायचे आणि मी मळवायचे.

हे ऐकून लोक हसायचे. मग त्यांना समजावून सांगावं लागायचं की वीतभर उंचीचा धातूचा घोडा आणि त्याच्यावरचा शिपाई नुसता रंगवून भागत नाही. कोऱ्या रंगातला शिपाई वाढदिवसाच्या केकवर उभा असल्यासारखा दिसतो. तो कुठून तरी लांबून आलाय, त्याच्या घोड्याचा घाम अंगावरच वाळलाय, रिकिबीत ठेवलेल्या बुटाला तिथलाच चिखल लागलाय, हे सगळं दिसायला हवं. तो चिखल, ती धूळ, तलवारीच्या म्यानावरचा गंज माझ्या हातचा. ह्यांच्या हातून तर डागसुद्धा पडायचा नाही. जन्मभर दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम केलेला माणूस. शेजारच्या दाताशी नवा दात असा जुळवायचे की खुद्द मालकालाही खरा कुठला ते सांगता येऊ नये. घोड्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका ठेवताना श्वास रोखून धरायचे, आणि मग तो चकचकीत घोडा माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "घे, लाव याची वाट."

वाट लावण्याची विद्या माझ्याकडे वडिलांकडून आली. त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बूट ठेवून गेलं की ते तळ उलटा करून बघायचे आणि सांगायचे, "हा माणूस उजव्या खांद्यावर ओझं वाहतो." नाहीतर, "ही बाई सारखी घाईत असते, पण घरी जायची घाई नाही तिला." माणूस तोंडाने काहीही सांगेल, त्याची टाच खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानपणी ऐकलेलं असं डोक्यात बसतं, मग निघता निघत नाही.

पुढची खोली आम्ही कामाला दिली होती. खिडकीखाली ह्यांचं टेबल, भिंतीला लागून माझं. ह्यांची खुर्ची हिरव्या रेक्झिनची, आमच्या लेकीच्या जन्माआधीची. पंखा पुसताना स्टुलावरून पडले तेव्हापासून ह्यांचा उजवा खुबा नीट नव्हता, म्हणून सगळं वजन डावीकडे टाकून बसायचे. खुर्चीही तशीच झाली होती. डावीकडे खोल खळगा, त्याच्या कडेने बारीक भेगा, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यावर उठताना तळहात दाबून दाबून आलेली चकाकी. तिथे हात टेकून उठायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच म्हणायचे, "चला राजे." राजांची स्वारी बहुतेक वेळा स्वयंपाकघरापर्यंतच जायची, चहा झालाय का बघायला.

२

घोड्यांचा डॉक्टर आमच्याकडे एका सकाळी आला. उंच, हडकुळा म्हातारा, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. कधीकाळी फौजेतल्या घोड्यांवर उपचार करायचा, असं त्याने सांगितलं. आमचं काम कुणाकडे तरी बघितलं होतं म्हणे. त्याने आणलेल्या लाकडी पेटीत भुशामध्ये पाच घोडे होते आणि कागदात गुंडाळलेले चार स्वार. सगळे बिनरंगाचे, राखाडी.

ह्यांनी पेटीतला भुसा चाळून बघितला. "एक स्वार घरीच राहिला वाटतं."

"नाही," डॉक्टर म्हणाला. "पाचव्याला स्वार नाही."

"मग तो दोरीने बांधून नेतायत?"

"नाही. आपणहून मागे चाललाय. पाठ रिकामी, एवढंच." त्याने तो घोडा उचलून माझ्या टेबलावर ठेवला, ह्यांच्या नाही. "बाई, हे तुमचं काम. खोगीर रिकामं, पण नवं नको. कुणीतरी रोज बसतं असं वाटायला हवं. कसा माणूस बसतो, तेही बघणाऱ्याला कळलं पाहिजे."

"कसा माणूस बसतो?" मी विचारलं.

"तुम्ही ठरवा. फक्त मनाने रचलेला नको. रचलेला माणूस घोड्याला लगेच कळतो."

ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हाताऱ्या माणसांच्या एकेक तऱ्हा असतात, आणि आम्ही दोघेही काही कोवळे नव्हतो. मी मान डोलावली. जायला निघाला तेव्हा डॉक्टर दारात थांबला आणि ह्यांना नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "वजन किती असेल हो तुमचं?"

"बायकोसमोर विचारताय?" हे म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो.

३

चार स्वार आणि पाच घोडे ह्यांनी सुरेख रंगवले. मीही त्यांची मनासारखी वाट लावली. एका लांबट पाटावर ओली माती, भुसा आणि डिंक यांचा रस्ता केला, घोड्यांचे खूर त्यात दाबून बसवले, वर धूळ उडवली. माती वाळून दगडासारखी कडक झाली. चौघे स्वार मान खाली घालून चालले होते आणि पाचवा घोडा त्यांच्या मागे.

घोडं पेंड खात होतं ते त्या पाचव्याच्याच खोगिरापाशी. मी आधी मनानेच एक शिपाई रचला, तरुण, काटक. त्याच्या बैठकीची झीज काढली. बघितलं तर कुणीच बसलेलं वाटेना. पुसून टाकली. मग एक जाडजूड हवालदार रचला. तोही नुसती खोगीरभरती. म्हातारा म्हणाला होता त्यात तथ्य होतं, आणि याचाच मला राग येत होता.

एका सकाळी हे अंघोळीला गेले होते. खिडकीतून ऊन तिरपं येऊन ह्यांच्या रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं, त्यात तो खळगा, त्या भेगा, तो चकचकीत कोपरा अगदी कोरल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं रोज समोर, आणि मी गावभर शोधत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

भिंग डोळ्याला लावून मी खुर्ची खोगिरावर उतरवली. डावीकडचं कातडं रंगाने दबलेलं दाखवलं, कडेच्या भेगा एकेक करून काढल्या, उजवीकडे पुढे तळहाताची चकाकी दिली. डाव्या रिकिबीचा पट्टा वजनाने ताणलेला दाखवला, उजव्या रिकिबीला चिखल जवळजवळ नाहीच. दुखरा पाय रिकिबीवर जोर देणार नाही. खुर्चीवर गरम इस्त्रीच्या टोकाने पडलेला एक टोकदार डाग होता, तो मात्र मी सोडून दिला. इस्त्रीचा डाग खोगिरावर कशाला असेल?

हे टॉवेलने डोकं पुसत आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून भिंगातून बघू लागले.

"हा तर मी," म्हणाले.

"कशावरून?"

"माझं मला कळत नाही होय? या वयात घोड्यावर चढवलंस बाई तू मला." आणि करंगळीचं टोक त्या खोगिराच्या डाव्या खळग्यावर अलगद टेकवलं. मला फार आनंद झाला होता. आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, हे मी आजही म्हणेन.

४

पहिल्यांदा जे खटकलं ते इतकं साधं होतं की मी उलट खूशच झाले. ह्यांच्या खुर्चीवरची धूळ पुसत होते आणि फडकं खळग्यात उतरलंच नाही. बैठक भरलेली, फुगीर. भेगा मिटलेल्या.

"अहो, खुर्ची कधी दुरुस्त करून घेतलीत?"

"मी? मी इथून उठतो कधी?"

"मग हा फोम वर कसा आला?"

"उकाड्याने फुगला असेल. मी नाही का फुगत?"

उकाडा होता हे खरं. फोम फुगत असेलही. पण उकाड्याने रेक्झिनच्या भेगा मिटतात का? हा प्रश्न मी तिथेच ठेवला आणि भाजी चिरायला गेले. घर असलं की माणसाला प्रत्येक प्रश्नाच्या मागे लागता येत नाही.

मग ह्यांच्या सपाता. डाव्या सपातेची टाच बाहेरून इतकी झिजली होती की टाकून द्यायच्या म्हणत होते. दाराशी बघितलं तर दोन्ही टाचा सारख्या, तळाच्या रेघा दुकानातून आणल्यासारख्या उठून दिसणाऱ्या. ह्यांच्या साबणाची वडी तशीच, वरची अक्षरंसुद्धा पुसलेली नाहीत, आणि माझी वडी संपून कपची झालेली.

"अंघोळ करता ना हो?"

"का? वास येतोय?"

येत होता. पण न धुतलेल्या माणसाचा नाही. उबदार वास होता, गवताचा, कातड्याचा, घामाचा. आमच्या खोलीला थिनरचा वास असतो, त्याला हा अगदी परका. मी स्वतःला समजावलं की सारखे घोडे रंगवून डोक्यात घोडेच शिरलेत, सुतावरून स्वर्ग गाठायची माझी सवय जुनी आहे. पण रोज काही ना काही सापडत होतं. ह्यांच्या उशीला डोक्याचा खड्डा पडेना. ह्यांच्या कपातलं चहाचं तपकिरी वर्तुळ, जे मला घासून घासून कधी निघालं नव्हतं, ते गेलं. दात घासायच्या ब्रशचे केस ताठ उभे. घर नवं होत चाललं होतं. सगळं नाही, ह्यांच्या वाटणीचं तेवढंच.

आणि हे मात्र दिवसेंदिवस बरे होत होते! ह्यांची चालायची काठी कोपऱ्यात गेली. पाठ सरळ झाली. जिना चढताना धाप नाही. मी आनंद मानायला हवा होता, आणि मानत होतेही. एक दिवस विजारी वाळत घालताना दिसलं की दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूचं कापड विरलंय. तिथे विजार घासते ती एकाच कारणाने. वडिलांची मुलगी असल्यामुळे मला ते लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहते. ह्यांच्याशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "आई, बाबांना फोन तोंडाजवळ धरायला सांग ना. फार लांबून बोलल्यासारखे येतात. आणि बाहेर कुठे होतात का तुम्ही? वारा किती होता."

हे माझ्या शेजारी, बंद खिडकीखाली बसून बोलले होते.

५

मी पाटावरच्या पाचव्या घोड्यावर भिंग धरलं.

माझं काम मला ओळखता येतं. कुठली रेघ कुठल्या ब्रशाची, कुठे हात चळला, सगळं. त्या खोगिरावर माझ्या रेघा होत्याच, पण त्यांच्या मध्ये मी न काढलेल्याही होत्या. डावा खळगा मी रंगाने दाखवला होता. आता तो खरा होता, बोटाला लागणारा. डाव्या रिकिबीतला चिखल ओला होता. आणि खळग्याच्या मागच्या कडेला तिळाएवढा एक टोकदार डाग होता. इस्त्रीचा.

मी उठून खुर्ची बघितली. खुर्चीवरचा डाग गेला होता.

तेव्हा मी घाबरले. त्याआधी नुसती चिंता होती, आता भीती होती. थिनरची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि खोगीर पुसायला घेतलं. सगळं पुसून टाकायचं. कोरं खोगीर द्यायचं, म्हाताऱ्याला आवडो न आवडो.

"अगं, हळू जरा," आतून ह्यांचा आवाज आला.

मी थांबले. हे स्वयंपाकघरात पेपर वाचत होते. मध्ये भिंत.

"काय हळू?"

"काय?"

"तुम्ही आत्ता हळू म्हणालात."

"मी? मी कशाला म्हणू?" पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी पुन्हा कापूस टेकवला, अगदी हलका. माझे रंग निघाले. तपकिरी निघाला, काळा निघाला, ह्यांनी दिलेला बदामी निघाला, खालचा धातू उघडा पडला. आणि झीज तशीच राहिली. खळगा धातूत होता, भेगा धातूत होत्या. पुसण्यासारखं माझ्या हातचं काही उरलंच नव्हतं.

मी डॉक्टरला फोन लावला. म्हटलं, पाचवा घोडा बिघडलाय, तुम्ही पेटी परत घेऊन जा, आम्हाला काही नको. तो शांतपणे ऐकत होता.

"रिकामाच आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? रिकामाच असणार."

"मग घाई नाही. उद्या येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

६

मी ह्यांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार? आमच्या संसारात दोघांनी एकमेकांपासून लपवलेली गोष्ट म्हणजे फार तर गोडाचा डबा. खुर्ची, सपाता, साबण, डाग, सगळं सांगितलं. हे चेष्टा करतील अशी माझी अपेक्षा होती, खरं म्हणजे आशाच होती. ह्यांनी चेष्टा केली नाही.

"मला ठाऊक आहे," म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"खुर्ची हलते. बसलो की खालून जरा हलते. जिवंत असल्यासारखी. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतल्यासारखी." ह्यांनी हाताने तसं करून दाखवलं. "आधी वाटलं चक्कर येतेय. मग सवय झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू घाबरली असतीस." ह्यांनी उजव्या खुब्यावर हात ठेवला. "आणि पाय दुखत नाही गं. किती वर्षांनी दुखत नाहीये. तिथे थंड वारा असतो. पुढे चौघे चाललेले असतात, कुणी मागे वळून बघत नाही, बोलत नाही. वाईट काही नाही."

"तिथे म्हणजे कुठे?"

ह्यांना सांगता येईना. कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही तसा. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ह्यांचे दोन्ही हात धरले. हात गरम होते, ओळखीचे होते, पण तळव्यांत बोटांच्या मुळाशी नवे घट्टे होते, लगाम धरल्याचे.

"जाऊ नका," मी म्हटलं. "मला एकटीला जमणार नाही. मला तुमच्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही."

"अगं वेडे, कुठे जातोय? हा काय, इथेच तर बसतोय." आणि मला पटावं म्हणून हे खुर्चीत बसले, डावीकडे झुकून, नेहमीसारखे.

खुर्चीची बैठक दबली नाही. एवढा भारदस्त माणूस बसला आणि हिरवं रेक्झिन तसंच फुगीर राहिलं, सुरकुतीसुद्धा पडली नाही. हे माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसले.

७

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून कामाला लागले. माझा हिशेब सरळ होता. झीज खुर्चीवरून खोगिरावर मी नेली होती, तर खोगिरावरून खुर्चीवर मलाच आणता आली पाहिजे. त्यात मला कोण हरवणार? हा तर माझा धंदा.

इस्त्री तापवून, ओलं फडकं ठेवून बैठकीच्या डाव्या बाजूवर दाबली, वर वजनं ठेवली, खळगा पाडला. भिंगातून खोगिराकडे बघत एकेक भेग जशीच्या तशी खुर्चीवर काढली, आधी सुईने, मग रंगाने. उजव्या कोपऱ्यावर मेण घासून तळहाताची चकाकी आणली. इस्त्रीच्या टोकाने डागही दिला. मग सपातेची टाच कानशीने घासली. साबण नळाखाली धरून त्याची अक्षरं घालवली. कपात चहाचा काढा आटवून वर्तुळ आणलं. उशीवर खलबत्त्यातला खल ठेवून खड्डा केला. केसांच्या तेलाचा डाग दिला, फार नाही, बेताचा.

हे खिडकीपाशी उभे राहून बघत होते, सरळ, दोन्ही पायांवर. ऊन ह्यांच्या मागून येत होतं. ह्यांची सावली पडते की नाही ते दिसायला नको म्हणून मी जमिनीकडे बघायचं टाळत होते.

"डावीकडे अजून थोडं," हे म्हणाले. "मागच्या कडेला."

मी मागच्या कडेला अजून थोडं केलं.

"आता हुबेहूब. मलासुद्धा फरक कळणार नाही." ह्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. ह्यांनी माझ्या कामाचं कौतुक कधी हातचं राखून केलं नाही.

"मग बसा," मी म्हटलं. "बसून बघा."

हे खुर्चीपाशी आले, उजव्या कोपऱ्यावर हात टेकला आणि सावकाश बसले. मी श्वास रोखून बघत होते. खळगा होता तसाच होता, मी केला होता तेवढाच. ह्यांच्या बसण्याने तो वाढला की नाही, ते मला सांगता येईना. मी इतका बेमालूम केला होता! मी वाकून जवळून बघणार, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"उघडू नकोस" असं हे म्हणतील म्हणून मी क्षणभर थांबले. म्हणाले नाहीत.

दारात घोड्यांचा डॉक्टर होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी अर्धंच दार उघडलं आणि आडवी उभी राहिले.

"चार घेऊन जा," मी म्हटलं. "पाचवा मी देणार नाही. काय करायचं ते करा."

"नका देऊ," तो म्हणाला. त्याने वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून आत, पुढच्या खोलीत त्याची नजर गेली होती, आणि तो खोगीर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघत होता.

माझ्या पाठीमागे ह्यांचा आवाज आला, उठताना यायचा तसा. "चला राजे."

कातडं करकरलं. काहीतरी जड, उबदार, फुरफुरलं.

"सुरेख," डॉक्टर म्हणाला. "रिकामी आहे, पण कोण बसायचं ते लगेच कळतं."

मी वळले. खुर्ची उन्हात होती. खळगा, भेगा, चकचकीत कोपरा, सगळं मी केलं होतं तसं. घरातून बाहेर जायला एकच दार होतं आणि त्यात मी उभी होते.

८

टेबलावरच्या पाटावर चार स्वार मान खाली घालून चालले होते. पाचव्या घोड्याची जागा रिकामी होती. दगडासारखी वाळलेली माती तिथून पुढे ओली झाली होती, आणि तिच्यात खुरांचे बारीक ठसे उमटले होते. चौघांना ओलांडून ते पाटाच्या कडेपर्यंत गेले होते आणि तिथे संपले होते. मी भिंग लावलं. लावायला नको होतं, पण हात सवयीने गेला. डावीकडचे ठसे उजवीकडच्यांपेक्षा खोल होते.

वळून बघितलं तर डॉक्टर जिन्यावर नव्हता. त्याची पेटी माझ्या टेबलाखाली तशीच पडून होती.

लोकांनी शोध घ्यायचा तो घेतला. दवाखाने बघितले, पोलिसांनी फोटो नेला, शेजाऱ्यांनी नदीकाठ पालथा घातला. वयस्कर माणसं अशी निघून जातात, असं मला सगळ्यांनी समजावलं. मी ऐकून घेतलं. जे खरं होतं ते सांगायला तोंड उघडलं असतं, तर मलाही कुठेतरी नेऊन ठेवलं असतं.

लेक आली. आल्या आल्या रडली, मग घरभर फिरली. सपाता बघितल्या. कप हातात घेतला. उशीवरच्या खड्ड्यावरून हात फिरवला आणि तिथे नाक टेकून बराच वेळ तशीच बसली. मग पुढच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे दारात उभी होते.

तिने खुर्चीच्या डाव्या खळग्यात तळहात ठेवला. त्या भेगांवरून बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "ही खुर्ची अशीच ठेव हं. पुसू पण नकोस. सगळ्या घरात बाबा असे एवढेच राहिलेत."

मी हो म्हटलं.